कंपनी बुडाली तर डबा चालेल का?

पत्र

नमस्कार. मी कोल्हापुरात मंगळवार पेठेत राहते, घरीच ब्लाउज-ड्रेस शिवते. या महिन्यात माझी भिशी लागली, २० हजारांची. मुलगा नववीत आहे, तो एका गेम कन्सोलच्या, म्हणजे गेम खेळायच्या डब्याच्या, मागं लागलाय. परदेशातली नवी कंपनी आहे, किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे गोळा करून ते मशीन बनवणार आहे. किंमत ९९ डॉलर, पाठवणीचे वर ३० डॉलर, मिळणार पुढच्या वर्षी. "आई, हे ओपन आहे, आत जाऊन सगळं बघता येतं, मी स्वतःचा गेम बनवीन आणि पोरांबरोबर फुटबॉलपण खेळता येईल," म्हणतो. "तुझ्या भिशीसारखंच आहे," असंही म्हणतो. मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा जुना प्लेस्टेशन घ्या. मला यातलं काही कळत नाही. माझं कार्ड घालून त्यानं नोंदणी केलीय, पैसे अजून कापलेले नाहीत. घ्यावं का? फसवणूक तर नाही ना?

उत्तर

ताई, आधी कार्डाचं बघू, कारण त्याला मुदत आहे. किकस्टार्टरवर नोंदणी केली म्हणून पैसे लगेच जात नाहीत. मोहीम संपते तेव्हा ठरवलेली रक्कम जमली असेल तरच सगळ्यांच्या कार्डांवरून पैसे कापले जातात, नसेल जमली तर कुणाचाच रुपया जात नाही. तोवर नोंदणी रद्द करता येते. मात्र शेवटच्या २४ तासांत, तुम्ही माघार घेतल्यानं जमलेली रक्कम उद्दिष्टाच्या खाली जाणार असेल, तर ती आपली आपण रद्द करता येत नाही. तेव्हा मोहीम कधी संपते ते पोराला आजच विचारा. माझ्या मनातलं विचाराल तर तारखेची वाट न बघता आजच रद्द करा. का, ते पुढं सांगते.

दुसरं, बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचे आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद आहेत का बघा. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमापासून नव्या कार्डावर ते मुळात बंदच येतात, चालू असतील तर कुणीतरी चालू केलेत. कुणी ते वेगळं सांगायला नको. रागवू नका त्याला, पण परदेशी साइटवर कित्येकदा ओटीपी न येताच पैसे कापले जातात, हे दोघांनाही माहीत असलेलं बरं.

आता भिशी. पोरगं हुशार आहे, आईला पटेल असाच दाखला त्यानं शोधून काढलाय. पण तुमच्या भिशीत बाया ओळखीच्या आहेत, एखादीनं हप्ता चुकवला तर तिचं घर माहीत आहे, आणि आज ना उद्या प्रत्येकीचा नंबर लागतोच. इथं पैसे भरायचे, नंबर लागेल याची हमी कुणी घेत नाही. ही दुकानातली खरेदी नाही आणि शेअरही नाही. ती कंपनी उद्या कोट्यवधींची झाली तरी तुमच्या वाट्याला एक कन्सोल, बास. किकस्टार्टरनं २०१२ च्या सप्टेंबरात स्वतःच जाहीर केलं होतं की आम्ही दुकान नाही. हार्डवेअरच्या मोहिमांत नुसती कॉम्प्युटरवर काढलेली गुळगुळीत चित्रं दाखवायची नाहीत, हा नियमही त्यांनी तेव्हाच घातला. वस्तू आली नाही तर तुमचं भांडण बनवणाऱ्याशी, किकस्टार्टर स्वतःच्या खिशातून पैसे परत देत नाही. लक्ष्मीपुरीतल्या दुकानदारानं बिघडलेलं मशीन गळ्यात मारलं तर १९१५ वर फोन लावता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. सातासमुद्रापलीकडच्या बुडीत कंपनीला कोल्हापुरात हजर कोण करणार?

तरी ही फसवणूकच आहे असं मी म्हणणार नाही. पेनसिल्वेनिया विद्यापीठातले एथन मॉलिक यांनी २०१५ मध्ये किकस्टार्टरवर पैसे देणाऱ्या हजारो लोकांना विचारून पाहणी केली, तेव्हा साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. म्हणजे बहुतेक जण देतात. पण कधी देतात? त्यांच्याच आधीच्या अभ्यासात ७५ टक्क्यांहून जास्त प्रकल्पांना उशीर झालेला दिसला होता. तुमच्या बाबतीत मला जास्त धास्ती याची वाटते. नववीत मागवलेलं मशीन यायचं दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर, आणि मग घरात जे महाभारत होईल ते निस्तरायला कुठलं सदर पुरणार नाही.

लबाडीही होतेच म्हणा. २०१६ मध्ये कोलेको कॅमेलियन नावाच्या कन्सोलचा नमुना न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या प्रदर्शनात मांडला होता. बघणाऱ्यांना संशय आला की आत निन्टेन्डोच्या जुन्या मशीनचाच बोर्ड बसवलाय. मग कंपनीनं पारदर्शक कव्हरमधला नवा फोटो टाकला, तर जाणकारांनी दाखवून दिलं की आतला बोर्ड कॉम्प्युटरमध्ये बसवायच्या जुन्या व्हिडिओ कॅप्चर कार्डाचा आहे! सगळा प्रकल्पच गुंडाळावा लागला. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये स्पेक्ट्रम वेगा प्लस नावाच्या हातातल्या कन्सोलसाठी इंडिगोगो या किकस्टार्टरसारख्याच साइटवर ५ लाख पौंडांहून जास्त रक्कम जमली. दोन वर्षांनी थोड्या लोकांना कसेबसे नग मिळाले, आणि २०१९ मध्ये कंपनी अवसायनात गेली, म्हणजे कायमची गुंडाळली गेली.

पण तुमच्या मुलानं अभ्यासायचं उदाहरण हे नव्हे. त्यानं ऊया नावाच्या कन्सोलची गोष्ट नीट वाचावी, कारण त्यात लबाडी नव्हती. मशीन खरोखर बनलं, लोकांच्या हातात पडलं, आणि तरीही ते घेऊन पस्तावलेले पुष्कळ निघाले.

ऊया म्हणजे तुमचा मुलगा आज जे मागतोय त्याचा थोरला भाऊच. ज्युली उरमन या बाईंची कंपनी, डिझाइन ईव्ह बेहार यांचं, किंमत तीच, ९९ डॉलर. २०१२ च्या जुलैत त्यांनी किकस्टार्टरवर ९ लाख ५० हजार डॉलर मागितले आणि जमले तब्बल ८५ लाखांच्या वर, ६३ हजारांहून जास्त लोकांकडून. वचन मोठं गोड होतं. सोनी, मायक्रोसॉफ्ट गेम बनवणाऱ्यांना आपल्या अटींवर दारात उभं करतात, आम्ही दार सताड उघडं ठेवू. विकत घेतलेला प्रत्येक डबा गेम बनवायलाही वापरता येईल, वेगळं महागडं मशीन नको, परवाना नको. प्रत्येक गेम आधी थोडा तरी फुकट खेळून बघता आला पाहिजे. आत अँड्रॉइड, स्क्रू काढून उघडायला मुभा. ऐकणाऱ्याला वाटावं, आता प्लेस्टेशनचं काही खरं नाही.

त्यांनी चिप घेतली एनव्हिडियाची टेग्रा ३. २०१२ मध्ये तीच चिप गुगलच्या नेक्सस ७ टॅबलेटमध्ये होती, तेव्हा चांगलीच. पण मशीन दुकानात आलं २५ जून २०१३ ला, आणि तोवर फोन पुढं निघून गेले होते. मोहिमेत चिप जाहीर केली की ती गोठते, बाजार काही थांबत नाही. हे आजच्या कन्सोललाही लागू आहे. ज्या चिपचं नाव घेऊन पोरगं नाचतंय ती पुढच्या वर्षी १५ हजारांच्या फोनपेक्षा मागं असली तर मला नवल वाटणार नाही. वर आणखी एक झालं. ऊया दुकानांत विकायला ठेवला गेला तेव्हा वर्षभर आधी पैसे भरलेल्या कितीतरी जणांना त्यांचा डबा मिळालेलाच नव्हता. पहिले आले ते शेवटी राहिले. कंट्रोलरची बटणं वरच्या पट्टीखाली अडकतात, बटण दाबल्यावर पडद्यावर उशिरा हलतं, अशा तक्रारी आल्या. खातं उघडताना क्रेडिट कार्ड भरल्याशिवाय पुढं जाता येत नसे, त्यावरूनही बोंब झाली. घरात लहान मुलं असताना हे किती घातक, ते तुमच्यासारख्या आईला कळेल.

गेमही पुरेसे आले नाहीत. बनवणाऱ्याला दार उघडं मिळालं, पण आत गिऱ्हाईक नव्हतं. टॉवरफॉल हा ऊयावरचा सगळ्यात गाजलेला गेम, तोसुद्धा २०१४ मध्ये प्लेस्टेशन आणि कॉम्प्युटरवर गेला. मग तो ऊयावर खेळायला कोण राहणार? २०१५ मध्ये ऊयाचा सॉफ्टवेअरचा संसार रेझर कंपनीनं विकत घेतला. आणि २५ जून २०१९ ला, दुकानात आल्याला बरोबर सहा वर्षं झाली त्या दिवशी, त्याचं ऑनलाइन स्टोअर बंद झालं.

इथं मुद्दा येतो. जे गेम चालू होताना "हा विकत घेतलाय ना?" असं कंपनीच्या सर्व्हरला विचारत, ते विचारत राहिले आणि पलीकडं उत्तर द्यायला कुणी उरलं नाही. पैसे मोजून घेतलेले गेम डब्यात पडून, पण चालेनात. सगळं पुसून मशीन नव्यानं सुरू करावं तर ते लॉगिनपाशी अडून बसे. शेवटी काही हौशी लोकांनी जुने गेम गोळा करून ठेवले आणि सर्व्हरची पर्यायी सोय उभी केली, म्हणून ते डबे आजही कुणाकुणाकडं चालतात. म्हणजे मशीन ओपन होतं ते बनवणाऱ्याला यायला. मालकाला ते ठेवून घ्यायला ओपन नव्हतं.

म्हणून "ओपन" ऐकलं की भुलू नका, मुलाला काही विचारा. त्याला खरंच रस असेल तर उत्तरं शोधताना मजाच येईल. कंपनी उद्या बंद पडली तर मशीन इंटरनेटशिवाय चालू होतं का? पेन ड्राइव्हवरून गेम घालता येतो, की त्यांच्याच स्टोअरमधून घ्यावा लागतो? सर्किटचा आराखडा आणि आतलं सॉफ्टवेअर कुणीही उतरवून घेऊ शकेल असं आत्ता, या क्षणी, जाहीर केलंय, की "नंतर करू" म्हणतायत? अँड्रॉइड असेल तर गुगल प्ले आहे का? (ऊयावर नव्हतं.) यातलं "नंतर करू" सगळ्यात वाईट. पैसे आत्ता घेणाऱ्यानं आराखडाही आत्ता दाखवावा.

खर्चाचंही एकदा बघून घेऊ. ९९ अधिक ३० डॉलर म्हणजे साधारण साडेअकरा हजार, हा झाला दाखवलेला भाव. त्यावर बँकेचा परकीय चलनाचा आकार. वस्तू आली की कस्टम ड्युटी आणि जीएसटी, तेही पाठवणीचा खर्च धरून लावतात. कुरिअरवाला आधी आधार किंवा पासपोर्ट मागतो, मग स्वतःचा हाताळणी आकार लावतो. "गिफ्ट लिहून पाठवायला सांगू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, भेटवस्तूंची ती सवलत सरकारनं २०१९ च्या डिसेंबरातच काढून टाकली. आणि मशीन बिघडलं तर परत पाठवायचा खर्च तुमचा. भिशीतले फार उरायचे नाहीत.

मिस्टरांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मंगळवार पेठेतलं पोरगं "फुटबॉल" म्हणतंय म्हणजे त्याच्या डोक्यात तालमीची पोरं, शाहू स्टेडियम आणि चार जणांत बसून खेळायचा गेम असणार. ईएचा तो मोठा फुटबॉल गेम, पूर्वी फिफा म्हणायचे आणि २०२३ पासून एफसी म्हणतात तो, असल्या छोट्या ओपन डब्यांवर येत नाही. त्यासाठी प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो नाहीतर चांगला कॉम्प्युटर लागतो. जुना प्लेस्टेशन ४ घ्यायचा झाला तर दुकानात बसून तासभर चालवून बघा. पंखा घरघरतो का, डिस्क वाचतो का, कंट्रोलरची काठी न हलवता पडद्यावरचा खेळाडू आपला आपण सरकतो का. पण त्यावर तो गेम बनवायला शिकणार नाही, फक्त खेळणार. खेळायलाही माझी ना नाही, मात्र मग "शिकीन" हे कारण पुढं करायचं नाही, एवढं ठरवून घ्या. आणि नुसतं मित्रांशी खेळायचंच असेल तर कोनामीचा ईफुटबॉल फोनवर फुकट मिळतो. तो महिनाभर खेळू दे, हौस किती टिकते ते कळेल.

बाजारात दोन-तीन हजारांच्या "दहा हजार गेम"वाल्या टीव्हीला लावायच्या काड्याही मिळतात. त्यातले गेम बहुतेक चोरून भरलेले, तेच तेच नावं बदलून. त्याला ओपन म्हणत नाहीत.

आता मला ज्याच्यात खरी गोडी वाटते ते. तुमचा मुलगा "आत जाऊन बघायचंय" म्हणाला. हे वाक्य त्यानं जाहिरातीतून उचललं असेल किंवा मनापासून म्हणाला असेल, ते १२ हजार घालवून तपासायची गरज नाही. हजाराच्या आसपास तपासता येतं.

अर्डुबॉय नावाचं एक चिमुकलं कन्सोल आहे, क्रेडिट कार्डाएवढं. तेही २०१५ मध्ये किकस्टार्टरवरच आलं आणि लोकांना मिळालं, म्हणजे तिथलं सगळंच वाईट नसतं. पण मला ते आवडतं ते दुसऱ्याच कारणासाठी. ते विकत घ्यावंच लागत नाही! आराखडा खुला आहे. आत एटीमेगा ३२यू४ नावाची साधी चिप, १२८ बाय ६४ ठिपक्यांचा काळा-पांढरा ओएलईडी पडदा, सहा बटणं आणि एक छोटा बझर. ती चिप असलेला अर्डुइनो प्रो मायक्रो बोर्ड कुणीही सुटा विकतं. सगळं ब्रेडबोर्डवर, म्हणजे तारा नुसत्या खोचायच्या भोकांच्या पट्टीवर, जोडायचं, यूएसबी केबलनं कॉम्प्युटरला लावायचं, फुकट मिळणारे शेकड्यांनी गेम त्यात भरायचे. मग एखाद्या गेमचा कोड उघडून उडीची उंची बदलायची आणि काय होतंय ते बघायचं. पोराला इथं जर झोप उडाल्यासारखं झालं, तर समजा की ही ओढ जात्याच आहे. दोन दिवसांत कंटाळा आला तरी तुमचे ११ हजार वाचले. आणि ती बनवणारी कंपनी उद्या राहिली काय, गेली काय, तुमच्या टेबलावरचा डबा चालतच राहणार, कारण तो तुमच्याच पोरानं जोडलेला.

कोल्हापुरात हे काही आक्रीत नाही. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेराच इथं घडवला होता, शंभराहून जास्त वर्षांपूर्वी. आजही उद्यमनगरात एखादा पार्ट मिळाला नाही तर लेथवर काढून देतात. बाहेरून आलेलं यंत्र खोलायचं आणि आपलं करायचं, ही इथली जुनी खोड आहे, पोराला ती लागत असेल तर लागू दे.

घरी कॉम्प्युटर आहे की नाही, ते पत्रात नाही. नसेल तर भिशीचे पैसे तिथं घाला. ऑफिसांतून निघालेले जुने डेस्कटॉप १०-१५ हजारांत मिळतात, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला बघा, बिल घ्या, दुकानाची वॉरंटी लेखी घ्या. त्यावर गोडो नावाचं गेम बनवायचं सॉफ्टवेअर फुकट चालतं. तेही ओपन, आणि खऱ्या अर्थानं. त्यात बनवलेला गेम फोनवरही जातो, म्हणजे तालमीतल्या पोरांना दाखवता येतो. रास्पबेरी पायचं नावही तुमच्या कानावर येईल. चांगली वस्तू आहे, २०१२ पासून तग धरून आहे, पण चार्जर, मेमरी कार्ड, डबा असं सगळं धरलं की जुन्या डेस्कटॉपच्या जवळ जातं. पहिल्या मशीनसाठी मी डेस्कटॉपच म्हणेन.

ते किकस्टार्टरवालं कन्सोल खरोखर चांगलं निघालं तर? निघू दे की. वर्षा-दोन वर्षांनी ते दुकानात येईल, लोकांनी वापरलेलं असेल, आराखडा बाहेर आलेला असेल, कदाचित स्वस्तही झालेलं असेल. तेव्हा घ्या. आधी पैसे भरणाऱ्याला जे थोडंफार स्वस्त मिळतं, त्याच्या बदल्यात तो सगळी जोखीम डोक्यावर घेतो. ज्याच्याकडं गमवायला पैसे आहेत त्यानं जरूर घ्यावी, तुमची ती शिलाईची कमाई आहे.

अर्डुबॉयचं सामान आणायला पोराला एकट्याला पाठवू नका, दोघं जा. बोर्ड मागताना ५ व्होल्टचा, ३२यू४ चिपवाला प्रो मायक्रो असं म्हणायला सांगा, कारण त्याच दिसण्याचे दुसरे बोर्डही येतात. पडदा एसपीआय जोडणीचा मागा (पडदा बोर्डाला जोडायच्या दोन पद्धती असतात, एसपीआय आणि आयटूसी). दुकानदार आयटूसीवाला पुढं करेल, तो जास्त खपतो, पण मूळ आराखड्यात एसपीआयचा आहे आणि शिकणाऱ्यानं पहिल्यांदा तसाच पडदा घ्यावा. केबल डेटावाली घ्या, नुसत्या चार्जिंगची घेतली तर बोर्ड कॉम्प्युटरला दिसायचाच नाही आणि पोरगं रात्रभर कोडमध्ये चूक शोधत बसेल.

बोर्डाच्या पिना बहुतेक सुट्याच येतात, त्या सोल्डर कराव्या, म्हणजे वितळवलेल्या कथलानं जोडाव्या लागतील. सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं पुरे, खिडकी उघडी ठेवा, आणि तुमच्या शिवायच्या टेबलावर बसू देऊ नका, कापडावर थेंब पडला तर डाग जात नाही.